जोत्याच्या वर आलेली माती

गाझियाबादमधल्या आमच्या वसाहतीत रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो. जुनं डांबर न खरवडता त्यावर नवा थर टाकतात. मी शाळेत होते तेव्हा आमच्या फाटकातून रस्त्यावर जायला दोन पायऱ्या उतराव्या लागायच्या. आता एक पायरी चढावी लागते. घर तिथेच आहे, आजूबाजूचं सगळं वर गेलंय. पावसात रस्त्याचं पाणी आमच्याकडे येतं आणि दोन-तीन दिवस भिंतीशी मुरत राहतं. या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध आहे, असं मला पंचवीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

बाबा सरकारी नोकरीत बदली होऊन दिल्लीला आले आणि इकडचेच झाले. जे इकडचे होत नाहीत, ते निवृत्त झाल्यावर पुण्याला, नाशिकला परत जातात. जाताना फ्रिज विकतात, सोफा विकतात, कूलर चौकीदाराला देतात. मराठी पुस्तकांना मात्र इथे गिऱ्हाईक नाही. मुलांना ती वाचता येत नाहीत, टाकवत नाहीत आणि ट्रकमध्ये मावत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, गाझियाबादला एक जण ठेवून घेतात. ते एक जण म्हणजे माझे बाबा. रविवारी सकाळी फाटकाशी गाडी थांबायची, डिकीतून पिशव्या निघायच्या आणि त्या घरातली बाई निघताना हटकून म्हणायची, "सांभाळा हं." बाबा ते फार मनावर घ्यायचे.

खालच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत त्यांनी सुताराकडून भिंतभर कपाट करून घेतलं होतं, जमिनीपासून छतापर्यंत. मागे प्लाय लावलं नाही. भिंत आहेच की, असं त्यांचं म्हणणं. दर कप्प्यात वर्तमानपत्र आणि त्यावर कडुनिंबाचा पाला. एवढं केलं की पुस्तकाला काही होत नाही, असं त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. पाचवीत असताना बाबांनी मला रोज एक पान मराठी वाचायला बसवायचं ठरवलं. मी अडखळले की पुढचा शब्द ते स्वतःच म्हणून टाकायचे. हळूहळू ओळ तेच म्हणायला लागले, मग सगळं पान. मग ते आपोआप बंद झालं. ते माझ्यावर कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढे फार वेळा वाटलं.

मागच्या वर्षी मार्चमध्ये आमच्या गच्चीवरच्या खोलीत, बरसातीत, एक मुलगी राहायला आली. पुण्याची, बाबांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीची, नोएडात नोकरी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती नऊ खोकी घेऊन आली. वर जागा कमी म्हणून त्यातली सहा खाली, पुस्तकांच्या खोलीत, कपाटाच्या कडेला रचली. खोकी ठेवायला ती त्या खोलीत शिरली आणि तिथून मोठ्याने ओरडली.

"काका! अहो, हे पुस्तक पुण्यातसुद्धा मिळत नाही. आणि तुम्ही ते खालच्या कप्प्यात ठेवलंय?"

"मग तू काढ ना वर," बाबा म्हणाले. "बिल्कुल काढ."

मी त्या कपाटाला हात लावला की ते 'जपून' म्हणतात. 'बिल्कुल' कधीच नाही.

त्यानंतर दर रविवारी चहा झाला की ती दोघं त्या खोलीत बसायची. एक प्रकरण ती वाचायची, एक बाबा. शेजारच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून बसायचे. शब्द नीट ऐकू यायचे नाहीत, हसणं मात्र यायचं. बाबा तसे हसतात, हे मला माहीत नव्हतं. ती काहीतरी म्हणायची, ते "अच्छा?" म्हणायचे आणि मग बराच वेळ त्यांचं काहीतरी चालायचं. एकदा मी पाणी घ्यायला उठले, तर बाबा स्वयंपाकघरात आलं किसत होते. माझ्या बाबांनी आमच्या घरात चहा केल्याचं मला आठवत नाही.

"तूपण बस ना," तिने मला दोनदा सांगितलं. "मजा येते, यार."

"मला कॉल आहे," मी दोन्ही वेळा म्हणाले. रविवारी मला कसला कॉल असणार? तिला ते कळलं असावं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, आणि याचाही मला राग आला.

माझं असं घरात एकच ठिकाण होतं. त्या खोलीच्या खिडकीखाली, बाहेरच्या अंगाला, मी त्याच्या दोन वर्षं आधी मोगऱ्याचा वाफा केला होता. नर्सरीतून मातीची पोती आणून ती भिंतीला टेकवून चांगली उंच भरली होती. वर खिडकीत कूलर होता. त्याचं पाणी दिवसभर वाफ्यात ठिबकायचं. मोगरा असा फुलायचा की शेजारणी बघायला यायच्या.

जुलैमध्ये एका संध्याकाळी पाऊस पडून गेल्यावर त्या खिडकीच्या कट्ट्यावर पंख सापडले. मूठभर असतील. लसणाच्या सालीच्या बारीक तुकड्यांसारखे, सगळे एकाच मापाचे. किडे कुठेच नव्हते, नुसते पंख.

"ट्यूबलाइटवर पाखरं येतात गं," आई म्हणाली. मी ते सुपलीत भरून टाकून दिले. तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये झाडू मारताना माझी कानातली पिन तिच्या खोक्यांमागे गेली. ती काढायला मी एक खोकं सरकवलं आणि भिंतीवर मातीची एक रेघ दिसली. पेन्सिलीएवढी जाड. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथून निघून ती वाकडीतिकडी कपाटापर्यंत गेली होती. मी नखाने तिचा तुकडा पाडला. आत पांढुरके किडे होते, उजेड लागताच पळाले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पाडलेली जागा ओल्या मातीने पुन्हा बुजवलेली.

मी फोनवर शोधलं आणि अर्ध्या तासात सगळं कळलं. वाळवी जमिनीतून येते, ओल असेल तिकडून येते. उघड्यावर चालत नाही, मातीचा बोगदा करून त्यातून चालते. लाकूड आतून खाते आणि वरचा रंग तसाच ठेवते, म्हणून जुन्या घरात कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पंखवाली वाळवी घरातच सापडली, तर वारूळ लांब नसतं. मी खोलीच्या चौकटीवर बोटाने ठोकून पाहिलं. कंबरेच्या वर आवाज भरीव होता, खाली डबा वाजवल्यासारखा. कपाटाची सगळ्यात खालची फळीही तशीच वाजली.

मी खोकं परत जागेवर सरकवलं.

मी कुणाला का सांगितलं नाही, याचं एक उत्तर तेव्हा मी स्वतःला दिलं होतं: बाबांना उगाच टेन्शन नको. खरं उत्तर असं आहे की ते कपाट आता तिचं आहे, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. तिलाच दिसू दे. एवढी दर रविवारी कौतुकाने पुस्तकं काढते, तर खालचा कप्पाही काढून बघू दे.

चार आठवडे गेले. सप्टेंबरमधल्या एका रविवारी बाबांनी खालच्या कप्प्यातून एक जाड पुस्तक ओढलं. पुठ्ठा हातात आला, पुस्तक मागेच राहिलं. म्हणजे पुस्तक नव्हतंच. पानांच्या जागी माती होती, आणि मातीत अधेमधे छापलेल्या कागदाच्या कपच्या. त्याच्या शेजारचंही तसंच. त्याच्या शेजारचंही. अकरा पुस्तकं गेली होती.

बाबा फरशीवर बसले. गुडघ्यांमुळे ते खाली बसत नाहीत, पण बसले.

"लोकांची आहेत गं ही," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कळलं नाही. ती शेजारी कप धरून उभी होती, मी दारात होते, माझ्यामागून आई येत होती. मग बाबांनी वर बघितलं. तिच्याकडे. "आता काय करायचं, सांग."

मी तिथेच उभी असताना त्यांनी तिला विचारलं.

"तिच्या खोक्यांतून आलं असणार हे," मी म्हणाले. "जुने पुठ्ठे आहेत. पुण्याहून आलेत."

मी घरात फार बोलत नाही. त्यामुळे मी काही बोलले की ते विचार करून बोलले असणार, असं सगळे धरून चालतात.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली. तिला काहीही वाटलं नव्हतं. पण बरसातीत रोज उशिरा येणारी भाडेकरू तिला नकोच होती.

त्या मुलीने एका शब्दानेही नाही म्हटलं नाही. तिने खोक्यांकडे बघितलं. खालच्या दोन खोक्यांचे तळ खरंच खाल्लेले होते. "सॉरी काकू," ती म्हणाली. "काका, आय अॅम सो सॉरी. मला माहीत नव्हतं." मग तिने एकेक करून सहाही खोकी उचलली आणि दोन जिने चढून वर नेली. मी जिन्याच्या खाली उभी राहून तिला जाऊ द्यायला अंग चोरत होते. सहा वेळा.

दुसऱ्या दिवशी आई वर जाऊन तिला सांगून आली, महिनाअखेरीपर्यंत दुसरीकडे बघ. बाबा पेपर वाचत होते. "तू म्हणतेस तर," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

पेस्ट कंट्रोलवाले गुरुवारी आले, एकटेच. पन्नाशीचे, बुलंदशहराकडचे, पाठीला पंप आणि हातात एक लांब स्क्रूड्रायव्हर. बाबा ऑफिसला होते. आईला औषधाचा वास सोसत नाही म्हणून ती शेजारी गेली होती. मला त्या दिवशी घरून काम होतं, म्हणून टॉर्च धरायला मी.

पुस्तकं मी आधीच गच्चीत नेऊन ठेवली होती. बाबांनी बजावलं होतं, पुस्तकांवर काही मारू द्यायचं नाही.

"किताब पे कौन मारता है?" ते म्हणाले. "किताब को धूप दो. दवा जमीन को, लकडी को."

ते स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चौकट, कपाट, खिडकी असे फिरले. खिडकीशी थांबले. "इसके पीछे क्या है?"

आम्ही बाहेर गेलो. त्यांनी वाफ्याकडे बघितलं, वर कूलरकडे बघितलं आणि हसले. मग खुरपीने मोगऱ्याच्या मुळाशी भिंतीला लागून खणलं. भिंतीवर खालपासून तशीच मातीची रेघ होती, एक नाही, चार-पाच. जोत्याच्या वर विटांच्या सांध्यात शिरलेल्या.

"ये देखो. मकान बनाने वाले ने फर्श ऊपर रखा था कि मिट्टी नीचे रहे. एक तो आपकी सडक ऊपर आ गई, मकान नीचे रह गया. ऊपर से किसी ने क्यारी भर दी दीवार से लगा के. और पानी भी पिला रहा है कूलर." त्यांनी हात झटकले. "इसको तो घर बैठे न्योता मिला."

मी विचारलं, "आणि..." मग हिंदीत विचारलं, कार्टनमधून आली असेल का? मार्चमध्ये आलेल्या?

"मार्च?" ते म्हणाले. "बेटा, ये दो साल का काम है. कार्टन तो बेचारा खुद खाया गया." मग वाफ्याकडे बोट करून, "क्यारी किसने बनाई?"

"मैंने," मी म्हणाले.

"साहब को बोल देना, हटवानी पडेगी. नहीं तो मेरी दवा बेकार."

दुपारभर त्यांचं ड्रिल चाललं. आतून आणि बाहेरून, भिंत आणि फरशीच्या सांध्यावर, हातभर अंतराने तिरकी भोकं. प्रत्येक भोकात औषध भरायचं, जमिनीने प्यायलं की आणखी भरायचं, मग पांढऱ्या सिमेंटने बुजवायचं. चौकटीला बारीक भोकं पाडून त्यात तेलातलं औषध, मोठ्या सिरिंजने. चौकटीचा खालचा भाग बदलायला लागेल म्हणाले. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्यायचं आणि मागे प्लाय लावून घ्यायचं. मातीत पुरायच्या आमिषाच्या डब्यांबद्दलही मी विचारलं, मी वाचून ठेवलं होतं ना. "वो भी होता है," ते म्हणाले, "पर धीरे-धीरे, महीनों लगते हैं. आपके यहां अंदर घुस चुकी है, पहले ये." भिंतीवरची एक रेघ त्यांनी मुद्दाम ठेवली, मधोमध फक्त तोडली. दोन-तीन दिवसांत परत जोडली गेली, तर जिवंत आहे, मला फोन करा. तशीच तुटलेली राहिली तर समजा मेली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय म्हणाला?"

मी भोकांबद्दल सांगितलं, चौकटीबद्दल, प्लायबद्दल. वाफा काढावा लागेल, ओल धरतो, हेही सांगितलं. दोन वर्षांचं सांगितलं नाही. बाबांनी मान हलवली. वाफा काढायचा म्हणजे मला वाईट वाटेल असं समजून ते म्हणाले, "कुंड्यांत लाव मोगरा. आपण आणू मोठ्या." इतकं प्रेमाने म्हणाले की मला तिथून उठावं लागलं.

शुक्रवारी मी काही बोलले नाही. तुटलेली रेघ तुटलेलीच होती. महिना संपत आला होता. ती रविवारी जाणार होती, तिला नोएडात खोली मिळाली होती. ती गेली असती आणि कुणालाही काही कळलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी ती खाली आली. हातात एक वही होती. सगळ्या पुस्तकांची तिने यादी करायला घेतली होती: नाव, लेखक, कुणी दिलं, कधी दिलं. ज्या घरांनी पुस्तकं दिली, त्यांची नावं ती बाबांना विचारून लिहीत होती.

"अर्धीच झाली, काका," तिने वही टेबलावर ठेवली. "वरचे तीन कप्पे राहिले."

बाबांनी वही उघडली, दोन-तीन पानं चाळली. "आता राहिलंच ते," ते म्हणाले. "कोण करणार?"

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर भाजी निवडत होते.

न्याय म्हणून किंवा तिची दया येऊन मी बोलले, असं मला लिहायला आवडलं असतं. पण बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून मी बोलले. त्यांनी बघावं म्हणून.

"ती खोक्यांतून नाही आली," मी म्हणाले. "माझ्या वाफ्यातून आली. दोन वर्षांपूर्वी."

त्यांनी बघितलं.

"कोण म्हणालं?" आईने विचारलं.

"पेस्ट कंट्रोलवाले."

"गुरुवारी?" बाबा म्हणाले. "आज शनिवार आहे."

"हो."

"आणि भिंतीवरची रेघ? ती तुला कधी दिसली?" मी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी विचारलं. घरातल्या कोपऱ्यातलं सगळं मला दिसतं, हे त्यांना माहीत होतं. मला वाटत होतं त्यापेक्षा त्यांना माझ्याबद्दल जास्त माहीत होतं.

"ऑगस्टमध्ये."

त्यांनी वही बंद केली. मग तीच बोलली. "म्हणजे ती सहा खोकी मी उगाच वर चढवली?" आणि मग माझ्याकडे वळून, "दोन तरी उचलायची होतीस ना, यार."

ती हसेल असं मला वाटलं. हसली नाही.

"झालं ना आता," आई घाईने म्हणाली. "गैरसमज झाला. तू राहा. कुठे जाऊ नकोस."

"नाही काकू, तिकडे हो म्हणून बसलेय." ती बाबांकडे बघत होती. "हिला मी आवडत नाही, ते मला मार्चपासून कळतंय. ते ठीक आहे. पण काका, तुम्हीपण मला एकदा विचारलं नाहीत. एकदापण वर आला नाहीत."

बाबांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. मी तर फक्त स्वतःचाच विचार करत होते. बाबांनीही काही केलं होतं, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

रविवारी तिचा टेम्पो आला. या वेळी तिची खोकी मी उचलली, नऊच्या नऊ. तिने नको म्हटलं नाही आणि थँक्यूही म्हटलं नाही. दुपारी बाबा आणि मी फावडी घेऊन वाफा काढला. आम्ही तीन तास काम केलं, जोत्याखाली दोन विटा उघड्या दिसेपर्यंत. पूर्ण वेळात बाबा "पाणी पी" एवढंच म्हणाले.

वहीचे राहिलेले तीन कप्पे मी लिहायला घेतले आहेत. माझं अक्षर तिच्यासारखं नाही आणि मला वेळ लागतो. कुणी दिलं, हे विचारायला मी बाबांकडे जाते. ते सांगतात. नाव सांगतात, कधीकधी त्या घराबद्दल एखादं वाक्य. हसत नाहीत, पण सांगतात.

दिवाळीनंतर तिचा त्यांना फोन आला. की त्यांनी केला, मला माहीत नाही. आता दर रविवारी चहानंतर बाबा त्या खोलीत फोन समोर ठेवून बसतात. एक प्रकरण ते वाचतात, एक ती तिकडून. दर पंधरा दिवसांनी भिंती तपासायच्या असं आमचं ठरलंय, आणि ते काम माझं आहे. फरशीचा सांधा, चौकटीचा खालचा भाग, कपाटामागची चार बोटांची फट. मी टॉर्च घेऊन आत गेले की बाबा फोनमध्ये "एक मिनिट हं" म्हणतात, आणि मग माझं होईपर्यंत ते आणि ती, दोघंही गप्प थांबतात.

मी घाई करत नाही.